सुईवर राहिलेलं कार्ड

पडायला हवं होतं ते कार्ड पडलं नाही. शामकांतनं सुई पुन्हा उचलून हलवली. कार्डं एकमेकांवर सळसळली. लांब रेंजवर लष्कराच्या तोफांचा सराव चालला होता, त्याच्या हादऱ्यानं खिडकीची तावदानं किणकिणली. पण ते कार्ड सुईला धरूनच राहिलं. न पडलेली कार्डं कुणी वाचत नसे, तोही वाचत नसे. परत खोक्यात लावण्यासाठी त्यानं गठ्ठा ओढून घेतला आणि वरच्या कार्डावर सहज नजर गेली, एवढंच. जिना उतरताना शेवटची पायरी अजून आहे असं समजून पाऊल टाकावं आणि तिथं नुसती जमीन लागावी, तसं झालं. त्यानं आधी दाराकडे पाहिलं. दार लोटलेलं होतं. पलीकडच्या खोलीत लेखनिकाचं टाइपरायटर ठाकठूक करत होतं. शामकांतनं कार्ड शर्टाच्या खिशात घातलं. आपला हात आपल्याला न विचारताच खिशाकडे गेला, असं त्यानं स्वतःला सांगून पाहिलं. ते खोटं होतं. हात गेला तेव्हा तो पूर्ण शुद्धीवर होता, आणि इतका घाबरला होता की कार्डाचा कोपरा खिशाच्या शिवणीत अडकला तेव्हा त्याच्या तोंडून ‘अगं आई’ निघालं.

वास्तविक ही सगळी करामत त्याचीच. नगरच्या एका वाचनालयाचा तो ग्रंथपाल. पुण्याला शिकायला गेला होता तेव्हा एका पाहुण्या व्याख्यात्यानं काठाला भोकं पाडलेली कार्डं दाखवली होती. एक भोक म्हणजे एक शब्द. कार्डावरच्या मजकुरात तो शब्द असेल तर कात्रीनं त्या भोकाचा काठ फोडून खाच करायची. मग सगळा गठ्ठा उभा धरून त्या भोकातून सुई घालायची आणि उचलून हलवायची. ज्यांची खाच केली आहे ती कार्डं खाली पडतात, बाकीची सुईवर लटकत राहतात. इतकं साधं. सुरुंगाच्या अपघाताची चौकशी वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसली, तीनशेच्या वर मजुरांच्या जबान्या झाल्या, आणि त्या कागदांच्या ढिगात चौकशीचे साहेब पार बुडून गेले, तेव्हा शामकांत आपण होऊन पुढे झाला. हौस, दुसरं काय. त्यानं प्रत्येक जबानीचे छोटे छोटे तुकडे केले, दोन-तीन वाक्यांचा एक, आणि एका तुकड्याला एक कार्ड दिलं. एका कार्डावर आलेले शब्द एकमेकांच्या जवळचे. आधीच्या आणि नंतरच्या कार्डावरचे आसपासचे. त्यापलीकडचे लांबचे. ‘शिट्टी’च्या भोकात सुई घातली, पडलेली कार्डं घेऊन त्यांत ‘सुरुंग’ची सुई घातली, की शिट्टी आणि सुरुंग जवळजवळ आलेल्या साऱ्या जागा हातात. मग त्या जागांच्या आसपासची कार्डं गोळा करायची आणि त्यांत माणसाच्या नावाची सुई घालायची. साहेब या प्रकारावर बेहद्द खूश होते. याला ते ‘पोटातला प्रश्न’ म्हणत. प्रश्नाच्या पोटात प्रश्न, त्याच्या पोटात आणखी एक, आणि अगदी आत बसलेला गुन्हेगार. सुईसुद्धा त्याच्या बायकोची, इंदूची होती, स्वेटर विणायची. तिनं विणायला काढलेला माधवचा बिनबाह्यांचा स्वेटर अर्धवट राहिला तो राहिलाच.

पाझर तलावाचं काम घोडेगावच्या पलीकडे माळावर चाललं होतं. दुष्काळाचं दुसरं वर्ष, अख्खी गावं खडी फोडायला आलेली. खड्ड्यात सुरुंग लावायच्या आधी मुकादमानं बायकांना वर काढायचं, शिट्टी मारायची, आणि मगच वात पेटवायची, अशी रीत होती. त्या दिवशी बायका खाली असतानाच सुरुंग उडाला. भागूबाई नावाची एक आणि तिच्या बरोबरच्या दोघी गेल्या. शिट्टी मुकादमाच्या गळ्यात असते. मुकादमाचं नाव पुंजाराम. आज दुपारी शामकांतनं साहेबांच्या सांगण्यावरून शेवटचा पोटातला प्रश्न विचारला: शिट्टी, तिच्या जवळ सुरुंग, आणि त्यांच्या आसपास कुणाचं नाव. पुंजारामच्या सुईनं कार्डांचा नुसता सडा पडला. साहजिकच होतं. त्याची शिट्टी, त्याचा सुरुंग, लोकांच्या तोंडी त्याचंच नाव. दुसऱ्या कुठल्याही नावाच्या सुईनं एकसुद्धा कार्ड पडलं नाही. उद्या सकाळी साहेब येऊन हा सडा मोजणार आणि अहवालाला हात घालणार. आणि पुंजारामची बायको गोजरबाई, जिचं कार्ड पहिल्यांदा पडायला हवं होतं, तिचं सुईवरच राहिलं होतं. त्याचं कारण आता कार्ड खिशात असताना त्याला अगदी स्वच्छ दिसत होतं. गोजरबाई नवऱ्याचं नाव कसं घेईल? ‘त्ये म्हनलं, बाया वर यिऊंद्या, मंग शिट्टी मारतो. चष्म्यावाल्यानं घड्याळात बघितलं न् म्हनला, लावा. सुरुंग लावल्याव शिट्टी कशाची मारत्यात.’ जबानी घेणाऱ्यानं जसं ऐकलं तसं उतरवलं होतं. ‘त्ये’ला भोक नव्हतं. तो, ती, ते, हा, ही, आणि, पण, मग, हे सगळे चिल्लर शब्द शामकांतनं पहिल्याच दिवशी गाळून टाकले होते. त्यांना भोकं दिली तर प्रत्येक वेळी अख्खा गठ्ठाच खाली येईल, असं त्यानं साहेबांना मोठ्या ऐटीत समजावलं होतं. ‘चष्मा’लाही भोक नव्हतं. चष्मा कशाला लागेल?

चष्म्यावाला म्हणजे माधव. कामावरचा ओव्हरसिअर, इंदूचा धाकटा भाऊ. आडनाव वेगळं, त्यामुळे चौकशीत कुणाला हे नातं ठाऊक नव्हतं. कुणी विचारलं नाही, यानं सांगितलं नाही. माधवनं घरी सांगितलं होतं की तो तेव्हा तंबूत हजेरी तपासत होता, आणि शामकांतनं ते ऐकलं होतं. विश्वास ठेवला होता की नुसतं ऐकलं होतं, हे त्यानं स्वतःला कधी विचारलं नव्हतं. आता वाचनालयाला कुलूप लावून तो रस्त्यावर आला आणि त्याला अपघाताच्या दिवशीची संध्याकाळ नको नको म्हणताना आठवायला लागली. त्याच संध्याकाळी माधवला मुलगी पाहायला जायचं होतं. लीना नाव, श्रीरामपूरकडची, मामाकडे नगरला आलेली. इंदूनं आठवडाभर धोशा लावला होता: दिवेलागणीच्या आत ये, कामाचं काही सांगू नकोस, ते लोक वेळेचे पक्के आहेत. माधव वेळेवर आला. जीपमधून उतरला तेव्हा डोक्यावर पांढरी धूळ होती आणि चष्म्याच्या काचाही धुळीनं माखलेल्या होत्या. इंदूनं त्या पदरानं पुसल्या. पोह्यांच्या बशीत त्याचा चमचा सारखा वाजत होता. मुलगी काय म्हणते याकडे त्याचं लक्ष नव्हतं, तो मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत होता. ते घड्याळ नोकरी लागली तेव्हा शामकांतनंच दिलं होतं. मुलीच्या मामांना वाटलं, लाजतोय. सगळे हसले. शामकांतही हसला होता, चांगला मोठ्यानं. आता दिल्ली दरवाज्याखालून जाताना त्याला ते स्वतःचं हसणं ऐकू आलं आणि त्यानं इतक्या जोरात मान वळवली की शेजारून जाणारा टांगेवाला म्हणाला, “काय झालं, मास्तर?” काही नाही. काही झालं नाही. माणसानं घरी चालत जावं एवढंच तर चाललं होतं. खिशावर हात होता. छातीत कळ आलेल्या माणसासारखा दिसतो आपण, असं वाटून त्यानं हात खाली घेतला, आणि लगेच परत ठेवला.

भीतीचं एक वाईट असतं. ती एका जागी बसत नाही. पाण्याच्या टँकरपाशी बायकांची रांग होती. त्यात डोक्यावर घागर घेतलेली प्रत्येक बाई त्याला गोजरबाई वाटत होती, आणि प्रत्येकीला हे कार्ड आपल्या खिशात आहे हे माहीत आहे असं वाटत होतं. खरी गोजरबाई रोज वाचनालयाच्या ओट्यावर असायची. सकाळच्या एसटीनं यायची, अटकेत असलेल्या पुंजारामला तुरुंगात भाकरी पोचवायची आणि दिवसभर ओट्यावर बसून राहायची. न बोलता, न रडता. आत काहीतरी चाललंय, आपण बाहेर असावं, एवढंच तिला कळत असावं. शामकांत तिला माठातलं पाणी देई. ती तांब्या वरून तोंडात ओतून पिई आणि ‘दादा’ म्हणून परत करी. आपण तिला पाणी दिलं म्हणजे आपण चांगले, असं त्याला रोज वाटायचं. आज ते आठवून त्याच्या अंगावर काटा आला. कार्ड जाळून टाकलं तर? मूळ जबानी कपाटात आहेच. पण तीनशे जबान्यांतून ती कोण पुन्हा वाचणार? सुई होती म्हणून तर कुणी वाचत नव्हतं. त्यानं इतकी मेहनत करून जे यंत्र उभं केलं होतं, त्याचा खरा उपयोग हा झाला होता. पडतं ते सगळे वाचतात. सुईवर राहतं त्याचं अस्तित्वच नाही. आणि गावोगावच्या बायका, ज्यांनी नवऱ्याला उभ्या जन्मात ‘त्ये’शिवाय काही म्हटलं नाही, त्या साऱ्याजणी सुईवरच राहिल्या होत्या.

घरी माधव आला होता. रविवारी यायचा तो आजच आला. ओसरीवर चपला पाहून शामकांतनं खिशावरचा हात खाली घेतला. आतून इंदूचा आवाज आला, “हे आले वाटतं. पाट मांड रे.” हे. तो दारातच थबकला. लग्नाला बारा-तेरा वर्षं झाली, त्या घरात त्याला कधी नाव नव्हतं. हे आले, हे गेले, यांना विचारा. इंदूची जबानी घेतली तर आपणही सुईवरच राहू, असं त्याच्या मनात आलं. त्यातली गंमत त्याला कळली, पण हसू आलं नाही. “भाऊजी, आमचे साहेब म्हणत होते, चौकशी संपत आली,” माधव आमटीत भाकरी कुस्करत म्हणाला. रेशनवरच्या मिलो ज्वारीची लाल भाकरी. दुकानात दुसरं काही मिळतच नव्हतं. “संपत आली,” शामकांत म्हणाला. “पुंजारामवर येणार म्हणतात.” “असं म्हणतात खरं.” माधवनं चष्मा काढून पुसला. चष्म्याशिवाय तो अगदी लहान दिसे. इंदूच्या आईनं मरताना याचा हात इंदूच्या हातात दिला होता तेव्हा तो चौथीत होता, आणि तेव्हाही असाच दिसत होता. “बिचारा,” माधव म्हणाला. आणि मग घास तसाच हातात धरून, कुणी विचारलं नसताना, “मी नुसतं म्हटलं होतं हो, भाऊजी, की उरका.” इंदू वाढायला वाकली होती, ती तशीच वाकून राहिली. “मला वाटलं त्या वर आल्यात. शपथ, मला वाटलं त्या वर आल्यात.” “जेव तू,” इंदू म्हणाली. “आधी जेव.” शामकांतला वाटलं, आता ही आपल्याकडे पाहणार. ती पाहीना. ते त्याला जास्त भीतीदायक वाटलं. त्याला माधवचा राग यायला हवा होता. तो आला नाही. त्याला नुसती माया आली, काहीही करायला लावील अशी. आणि तिचीच त्याला सगळ्यात जास्त धास्ती वाटली.

सकाळी तो जागा झाला तो शर्ट खुंटीवर नाही हे पाहून. मोरीत कपडे भिजत पडले होते. तो धावत गेला. बादलीत त्याचा शर्ट फेसाखाली बुडालेला. इंदू दगडावर साबण लावत होती. मागं न वळता तिनं म्हटलं, “खिशातलं काढून ठेवलंय. शाईचं आहे, जाईल म्हटलं.” देवळीत, कुंकवाच्या करंड्याखाली ते कार्ड ठेवलेलं होतं. कोरडं, सरळ, एकही सुरकुती नाही. इंदू वाण्याच्या पुड्याचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नाही. त्यानं तिच्या पाठीकडे पाहिलं. तिचा हात चालू होता. माधव पहाटेच्या गाडीनं कामावर गेला होता. “वाचलंस?” हा शब्द त्याच्या ओठापर्यंत आला आणि तिथंच राहिला. वाचलं म्हणाली तर काय करायचं, आणि नाही म्हणाली तर त्याहून काय करायचं? बुडवून टाकता आलं असतं तिला. एक कार्ड, साबणाचं पाणी, कुणाला काही कळलं नसतं, आणि ‘मेलं लक्षातच आलं नाही’ म्हणून मोकळी झाली असती. तिनं बुडवलं नव्हतं. की वाचलंच नव्हतं? कार्ड दुसऱ्या शर्टाच्या खिशात ठेवून तो चप्पल घालत असताना ती ओल्या हातांनी दारापर्यंत आली. तिचे डोळे सुजले होते. साबण गेला असेल. “आईनं त्याला माझ्या हातात दिलंय,” ती म्हणाली. थोडं थांबली. “पण त्या बाईलाही नवरा आहे.” एवढं बोलून ती आत गेली, आणि आता तिनं वाचलं होतं की नाही हा प्रश्नच उरला नाही. शामकांतला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. आतापर्यंत गप्प बसायला इंदूचं कारण होतं.

साहेब आले होते. टेबलावर पडलेल्या कार्डांचा गठ्ठा त्यांनी पत्त्यांसारखा हातात घेतला होता. “वा, शामराव. तुमच्या सुईनं आपलं काम केलं. पुंजाराम, पुंजाराम, पुंजाराम. दुसरं नावच नाही.” “हो.” “मग लिहायचा अहवाल?” शामकांत उभा होता. लांबवर तोफ वाजली, तावदान किणकिणलं, आणि त्या आवाजानं तो दचकला तेव्हा त्याचं त्यालाच कळलं की आपण खिशातून कार्ड काढलेलं आहे. “हे सुईवर राहिलं होतं, साहेब.” “राहिलं म्हणजे त्यात नाव नाही.” “नाही. नाव नाही.” “मग?” “वाचून बघा.” साहेबांनी वाचलं. एकदा वाचलं, चष्मा कपाळावर चढवून पुन्हा वाचलं. मग टाइपरायटर इकडे आणवून लेखनिकाला म्हणाले, “बाहेर ओट्यावर ती बाई बसलीय, तिला बोलवा.”

गोजरबाई आत आली आणि भिंतीला धरून उभी राहिली. पदर कपाळापर्यंत ओढलेला. साहेबांनी कार्ड वाचून दाखवलं. “हे तू सांगितलंस?” “व्हय.” “हे ‘त्ये’ म्हणजे कोण?” ती गोंधळली. “त्येच की.” “ते कोण? नाव सांग.” “नाव कसं घिऊ, सायेब?” तिच्या आवाजात पहिल्यांदाच भीती आली. तीन महिने ओट्यावर बसून जी आली नव्हती ती. लेखनिक टाइपरायटरवर बोटं ठेवून गालात हसला. साहेब चिडले नाहीत, पण म्हणाले, “बाई, नाव घेतल्याशिवाय मला लिहिता येत नाही. लिहिलं नाही तर तुझ्या सांगण्याचा उपयोग नाही.” गोजरबाईनं इकडेतिकडे पाहिलं. घरी असती तर नणंदेला म्हणाली असती, शेजारणीला म्हणाली असती. बाईला नाव घ्यायचं नसलं की जवळ उभं असेल त्यानं घ्यायचं असतं, सगळ्या गावात हीच रीत. तिची नजर शामकांतवर थांबली. “दादा, तुमी घ्या की त्येंचं नाव.” “पुंजाराम,” तो म्हणाला. “व्हय. त्येच,” गोजरबाई म्हणाली, आणि तिचे खांदे सैल पडले. टाइपरायटर वाजलं. इतक्या जबान्यांत पहिल्यांदाच पुंजारामचं नाव त्याच्या बाजूनं कागदावर आलं.

“आणि हा चष्म्यावाला?” साहेब म्हणाले. “त्येचं नाव न्हाई मला ठाव. आमी समदी चष्म्यावालाच म्हनायचो.” ती क्षणभर थांबली. “वाईट न्हवता, सायेब. पोरांस्नी खायाला सुकडी लई द्यायचा, वाटप सरल्यावबी द्यायचा. त्या दिशी कसली घाई हुती त्येला, द्येव जानं.” शामकांत खिडकीबाहेर पाहत होता. आता साहेब हजेरीपट मागवतील, कुणाला तरी विचारतील, त्याला दोन दिवस लागतील, दोन दिवसांत काहीही होऊ शकतं, असं तो भराभर स्वतःशी म्हणत होता, जसं लहानपणी अंधाऱ्या बोळातून जाताना रामरक्षा म्हणे तसं. पण गोजरबाई त्याच्याकडेच पाहत होती. ज्याला पहिलं नाव माहीत होतं त्याला दुसरंही माहीत असणार, इतकं सोपं तिचं गणित होतं, आणि ते बरोबर होतं. “दादा,” ती म्हणाली, तांब्या परत करताना म्हणे त्याच आवाजात, “तुमाला ठाव आसंल. त्येचंबी घ्या की.”

साहेबांनी मान वर केली. शामकांत खिडकीपासून वळला. “आमच्या हिचा धाकटा भाऊ आहे तो, साहेब.” साहेब त्याच्याकडे पाहत होते, आणि त्यांनी अजून काही विचारलं नव्हतं. लेखनिक मात्र सवयीनं बोटं सरसावून बसला होता. “ही म्हणजे?” त्यानं विचारलं. “नुसतं ‘ही’ लिहून चालणार नाही. नाव काय घालू?” बाहेरच्या माणसासमोर शामकांतनं बायकोचं नाव कधी उच्चारलं नव्हतं. रात्रभर तो माधवच्या नावाला घाबरत होता, आणि ते तर अजून यायचंच होतं. गोजरबाई पदराआडून त्याच्याकडे बघत होती. आता इथं त्याच्यासाठी नाव घेणारं दुसरं कुणी नव्हतं.

“इंदू,” तो म्हणाला.